दास, तास आणि थास

आर्मेनियन भाषेत 'दास' म्हणजे धडा, 'तास' म्हणजे दहा आणि 'थास' म्हणजे वाटी. (मराठीतल्या साठ मिनिटांच्या तासाशी याचा संबंध जोडू नका!) तिन्ही शब्दांत फरक आहे तो फक्त पहिल्या व्यंजनाचा. तुमच्या कानाला हा फरक लगेच कळेल, कारण उर्दूत तुम्ही दाल, ताल आणि थाल हे तीन शब्द कधी एकमेकांत मिसळत नाही. मराठीतही द, त आणि थ ही वेगळी अक्षरे आहेत. पण जगातल्या पुष्कळ भाषांना 'त' आणि 'थ' यांतला फरक मोलाचा वाटत नाही. अशा भाषांची लिपी उसनी आणून आर्मेनियन लिहायला बसले, तर धड्याची वाटी व्हायला वेळ लागणार नाही.

आर्मेनिया हा कॉकेशस पर्वताच्या दक्षिणेचा एक लहानसा देश आहे. इराण, तुर्कस्तान, जॉर्जिया आणि अझरबैजान हे त्याचे शेजारी. राजधानी येरेवान. लोकसंख्या सुमारे तीस लाख. याहून अधिक आर्मेनियन लोक देशाबाहेर राहतात. इतक्या लहान समाजाने स्वतःची वेगळी लिपी कशासाठी सांभाळावी, असे विचारणारे लोक असतात. छपाईला, टंकलेखनाला, परदेशी माणसाला शिकायला एकच मोठी लिपी सोयीची नाही का, असे ते म्हणतात. मला हे म्हणणे पटत नाही. का पटत नाही, हे सांगण्यासाठी सोळाशे वर्षे मागे जावे लागेल.

इ. स. ३८७ मध्ये आर्मेनियाचे राज्य रोम आणि इराण या दोन बलाढ्य सत्तांनी वाटून घेतले. देशाने चौथ्या शतकाच्या आरंभी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. पण प्रार्थना आणि धर्मग्रंथ होते ग्रीक व सिरियाक भाषांत. सामान्य माणसाला त्यातले काही कळत नसे. दरबारात लेखनिकाचे काम केलेला मेस्रोप माश्तोत्स नावाचा एक विद्वान पुढे धर्मप्रचारक झाला. गावोगावी फिरताना त्याला हीच अडचण येई. वाचून दाखवायचे एका भाषेत आणि समजावून सांगायचे दुसऱ्या भाषेत. त्याने धर्मगुरू साहाक आणि राजा व्रामशापुह यांच्यापुढे आपले म्हणणे मांडले. आपल्या भाषेला आपली अक्षरे हवीत, हे तिघांनाही पटले.

आता पुढची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. माश्तोत्सने लगेच नवी अक्षरे तयार केली नाहीत. दानियेल नावाच्या एका सिरियन बिशपाजवळ एक वर्णमाला आहे, असे राजाला कळले होते. ती मागवून घेतली. मुलांना जमवून ती शिकवली. सुमारे दोन वर्षे हा प्रयोग चालला. शेवटी दिसून आले, की या अक्षरांत आर्मेनियन भाषेचे सगळे आवाज मावत नाहीत. ही हकीगत माश्तोत्सचा शिष्य कोर्यून याने आपल्या गुरूच्या चरित्रात लिहून ठेवली आहे. म्हणजे उसन्या लिपीवर काम भागते का, हे आर्मेनियन लोकांनी आधी करून पाहिले आणि मग ती सोडली.

त्यानंतर माश्तोत्स शिष्यांना घेऊन एदेसा या शहरी गेला. (आज हे शहर तुर्कस्तानात आहे आणि त्याला शानलिउर्फा म्हणतात.) तेथे त्याने नवी वर्णमाला तयार केली. समोसाता येथील रुफिनस नावाच्या सुलेखनकाराने अक्षरांना रेखीव वळण दिले. हे घडले इ. स. ४०५ च्या सुमारास. अक्षरे होती छत्तीस.

ही छत्तीस अक्षरे कशी आहेत? पहिली चार पाहा : आयब, बेन, गिम, दा. तुमच्या अबजदमधली पहिली चार आठवा : अलिफ, बे, जीम, दाल. हे साम्य योगायोगाचे नाही. माश्तोत्सने क्रम ग्रीक वर्णमालेचा ठेवला होता, आणि ग्रीकांची व अरबांची वर्णमाला मुळात एकाच जुन्या घराण्यातली आहे. अबजदप्रमाणेच इथेही अक्षरे आकड्यांचे काम करत. आयब म्हणजे १, बेन म्हणजे २, गिम म्हणजे ३, दा म्हणजे ४. उर्दू कवी अबजदच्या साहाय्याने एखाद्या ओळीतून वर्ष काढतात, हे तुम्ही ऐकले असेल. आर्मेनियन हस्तलिखितांत आणि दगडी शिलालेखांत वर्षे अक्षरांनीच लिहिलेली असतात. छत्तीस अक्षरांच्या नऊ-नऊच्या चार ओळी केल्या, की पहिली ओळ एकंची, दुसरी दहंची, तिसरी शेकड्यांची आणि चौथी हजारांची. शेवटच्या अक्षराची किंमत ९०००.

पण क्रम ग्रीकांचा असला, तरी त्यात मध्ये मध्ये नवी अक्षरे बसवलेली आहेत. ग्रीकांजवळ ज्या आवाजांना अक्षरच नव्हते, त्यांच्यासाठी ही अक्षरे आहेत. माश्तोत्सचा कान किती तयार होता, ते इथे दिसते. मराठीत आपण प, फ, ब म्हणतो. आर्मेनियन भाषेत हे तिन्ही आवाज आहेत आणि तिन्हींना स्वतंत्र अक्षरे आहेत. तसेच त, थ, द आणि क, ख, ग. (मराठीतले भ, ध, घ मात्र आजच्या प्रमाण आर्मेनियन भाषेत नाहीत.) उर्दूत 'फ' लिहायचा, तर पे काढून त्याला दोचश्मी हे जोडावी लागते. आर्मेनियन लिपीत अशी जोडणी नाही. एक आवाज, एक अक्षर.

याहून मौजेची गोष्ट 'च' आणि 'ज' यांची आहे. मराठी शिकताना तुम्हांला एक अडचण नक्की आली असेल. 'चिमणी'तला च आणि 'चमचा'तला च एकच अक्षर आहे. पण उच्चार एक नाही. 'चार' आणि 'चाक' म्हणून पाहा. 'जेवण' आणि 'जुना' म्हणून पाहा. एकदा जीभ टाळूला लागते, एकदा दातांजवळ जाते. कोणता उच्चार कुठे करायचा, हे लिपी सांगत नाही. ज्याच्या घरात मराठी बोलतात, त्याला ते ऐकून ठाऊक असते. तुम्हांला मात्र शिक्षकांना विचारावे लागते. आर्मेनियन भाषेतही हे दोन्ही तऱ्हेचे आवाज आहेत. तेथे 'चिमणी'च्या जातीचे तीन आवाज आणि 'चमचा'च्या जातीचे तीन आवाज, आणि सहाही आवाजांना सहा वेगळी अक्षरे. पाचव्या शतकातल्या त्या माणसाने हा भेद कानाने टिपला आणि कागदावर आणला. मराठीत च ची दोन अक्षरे करावीत, असे मी म्हणत नाही. मराठी माणसाचे एका अक्षरावर चालते. पण तुमची अडचण खरी आहे, आणि अशी अडचण ज्या लिपीत येत नाही ती कशी असते, हे तुम्हांला माहीत असावे.

तुमच्या ओळखीचे आणखी काही आवाज या भाषेत आहेत. 'खबर'मध्ये उर्दू बोलणारा जो घशातला ख काढतो, तो आहे. 'गरीब'मधला गैन आहे. तीन टिंबांचे झे आहे. र दोन आहेत, एक साधा आणि एक जीभ जोराने थरथरवून काढायचा. 'तार' म्हणजे 'घेऊन जा', आणि शेवटचा र थरथरवला, की 'तार्र' म्हणजे 'अक्षर'!

एक आवाज मात्र असा आहे, की त्याला अक्षर असूनही तो बहुधा लिहीत नाहीत. तो म्हणजे आखूड 'अ'. 'लिहिणे' या अर्थाचा 'गरेल' हा शब्द आर्मेनियन लोक ग, र, ए, ल अशा चार अक्षरांत लिहितात. ग आणि र यांच्यामधला अ वाचणाऱ्याने आपला घालायचा. 'मकर्तिच' हे पुरुषाचे नाव लिहिताना म, क, र, त ही चार व्यंजने एकापुढे एक येतात. परदेशी माणूस हे पाहून घाबरतो. तुम्ही घाबरणार नाही. उर्दूत जबर, जेर, पेश कोण लिहितो? आणि देवनागरीत 'कमळ' लिहिताना अ साठी वेगळी खूण कुठे करतात?

शब्दांतही तुम्हांला ओळखीचे चेहरे भेटतील. आर्मेनियन भाषा भारत-युरोपीय कुळातली एक स्वतंत्र शाखा आहे. पण शतकानुशतके इराणशी संबंध आल्यामुळे तिने तिकडचे पुष्कळ शब्द घेतले. 'हझार' म्हणजे हजार. 'आझात' म्हणजे आझाद. 'नशान' म्हणजे निशाण, 'दाश्त' म्हणजे मैदान, म्हणजे तुमचा 'दश्त'. तरीही ही भाषा इराणी लिपीत लिहिली गेली नाही. शब्द घेतले म्हणून लिपीही घेतलीच पाहिजे, असे नसते.

लिपी मिळाल्यावर काय झाले? प्रथम बायबलचे भाषांतर झाले. मग ग्रीक आणि सिरियाक ग्रंथ धडाधड आर्मेनियनमध्ये येऊ लागले. त्यांतील काहींच्या मूळ ग्रीक प्रती पुढे नष्ट झाल्या. युसेबियस या इतिहासकाराच्या कालगणनेच्या ग्रंथाचा पहिला भाग आज आपल्याला पूर्ण स्वरूपात मिळतो, तो आर्मेनियन भाषांतरातच. येरेवानच्या मातेनादारान या संस्थेत हजारो हस्तलिखिते जपून ठेवली आहेत आणि दारापुढे माश्तोत्सचा पुतळा आहे. तेथे एक प्रचंड ग्रंथ आहे. तेराव्या शतकाच्या आरंभी चामड्यावर लिहिलेला, वजन सुमारे २८ किलो. १९१५ साली ऑटोमन साम्राज्यात आर्मेनियन लोकांचा संहार झाला. त्या पळापळीत मुश गावच्या मठातला हा ग्रंथ दोन स्त्रियांनी वाचवला, असे सांगतात. एकीला पेलवेना, म्हणून त्यांनी त्याचे दोन भाग केले. एक भाग एच्मियाझिनला पोचला. दुसरी स्त्री वाटेत मरण पावली; पण त्याआधी तिने आपला भाग एर्झुरूम येथे जमिनीत पुरून ठेवला होता. दोन्ही भाग पुढे एकत्र आले. घर सुटलेले, जीव वाचेल की नाही याची खात्री नाही, आणि पाठीवर काय, तर एक पुस्तक! लहान समाजाने लिपी कशासाठी सांभाळावी, असे विचारणाऱ्यांनी या दोघींचा विचार करावा.

शेजारचे उदाहरणही बोलके आहे. अझरबैजानमध्ये पूर्वी अरबी लिपी होती. १९२९ च्या सुमारास तिच्या जागी लॅटिन लिपी आली, दहा-बारा वर्षांत ती जाऊन रशियन वळणाची सिरिलिक आली आणि १९९१ नंतर पुन्हा लॅटिन. आजोबांची पत्रे नातवाला वाचता येत नाहीत आणि नातवाची आजोबांना. त्याच सोव्हिएत राजवटीत आर्मेनियन आणि जॉर्जियन लोकांच्या लिप्या मात्र टिकून राहिल्या.

टिकल्या, पण आर्मेनियन लोकांच्या लेखनात एक चीर पडली. मला खरे मत मांडायचे आहे ते या चिरेविषयी.

अक्षर जागच्या जागी राहते. उच्चार चालत राहतो. माश्तोत्सच्या काळी 'घात' या नावाचे अक्षर ल सारख्या एका जाड आवाजाचे होते. आज त्याचा उच्चार गैन झाला आहे. म्हणून तुमचा सुलेमान तेथे 'सोघोमोन' झाला आणि इलियास 'येघिया' झाला. याहून मोठा फेरफार पश्चिमेकडच्या, म्हणजे पूर्वीच्या ऑटोमन साम्राज्यातल्या, आर्मेनियन लोकांच्या बोलीत झाला. तेथे तीन आवाजांचे दोन झाले. येरेवानचा 'पेत्रोस' तेथे 'बेद्रोस' होतो, 'ग्रिगोर'चा 'क्रिकोर' होतो आणि 'हाकोब'चा 'हागोप' होतो. अक्षरे तीच असतात! सुरुवातीचे तीन शब्द आठवा. बैरूतचा आर्मेनियन मुलगा दहाला 'दास' म्हणतो. आणि धडा व वाटी या दोन्हींना 'थास' म्हणतो. त्याच्या तोंडात दोन शब्द एक झाले. पण वहीत ते वेगळेच राहतात, कारण अक्षरे वेगळी आहेत. येरेवानचा मुलगा ती वही सहज वाचू शकतो.

१९२२ साली सोव्हिएत आर्मेनियाच्या सरकारने शुद्धलेखन बदलले. जसे बोलतो तसे लिहावे, हे तत्त्व. हेतू वाईट नव्हता. देश निर्वासितांनी आणि अनाथ मुलांनी भरलेला होता, लाखो लोकांना लवकर साक्षर करायचे होते. जुन्या लेखनात पाठ करण्याच्या गोष्टी बऱ्याच होत्या. उदाहरणार्थ, शब्दाच्या आरंभी ह चा उच्चार दोन वेगळ्या अक्षरांनी लिहीत. बडी हे कुठे आणि छोटी हे कुठे, हे पाठ करताना तुम्हांला जो त्रास होतो, तोच. सुधारकांनी एक ह ठेवला. इतरही काही अक्षरे काढून टाकली. त्यांपैकी दोन १९४० मध्ये परत आणली.

पण देशाबाहेरच्या आर्मेनियन लोकांना हा बदल मान्य झाला नाही. चर्चनेही जुनेच लेखन चालू ठेवले. इराणमधले आर्मेनियन लोक येरेवानसारखेच बोलतात, तरी लिहितात जुन्या पद्धतीने. आज शंभर वर्षे झाली. एकाच भाषेची दोन शुद्धलेखने आहेत.

या बदलात काय हरवले, ते एका नावावरून सांगतो. 'हाकोब' हे नाव जुन्या पद्धतीत ह ने सुरू होत नाही. ते य च्या अक्षराने सुरू होते, आणि आरंभीच्या त्या य चा उच्चार ह करायचा असतो. म्हणजे कागदावर ते 'याकोब' आहे. तुमच्या वर्गातल्या याकूबचे हे आर्मेनियन भावंड! 'हिसुस' म्हणजे येशू, तेही जुन्या लेखनात य नेच सुरू होते. नव्या लेखनाने ह लिहिला, मुलांचे काम सोपे झाले आणि भावंडांची ओळख पुसली. उर्दूत जे, जाल, जाद आणि जोय या चौघांचा उच्चार आपण एकच करतो. मग तीन अक्षरे काढून का टाकू नयेत? कारण 'नजर', 'मंजर' आणि 'नाजिर' या तिघांतही जोय आहे, आणि ती जोय सांगते, की हे तिघे एका घरातले आहेत. मराठीतही १९६२ च्या नियमांनी न उच्चारले जाणारे पुष्कळ अनुस्वार गाळले. लिहिणे सोपे झाले, हे मी मान्य करतो. पण ते अनुस्वारही काहीतरी सांगत होते.

आणि 'बोलतो तसे' म्हणजे कोण बोलतो तसे? येरेवानच्या बोलीला धरून लिहिले, तर बैरूतच्या मुलाला ते त्याच्या बोलण्याप्रमाणे कसे वाटेल? बोलींच्या वरचे, कोणाच्याच तोंडाला पूर्ण न जुळणारे जुने लेखन सर्वांना सारखेच दूर होते, म्हणून सारखेच जवळही होते.

आता जुने लेखन परत आणावे, असे म्हणणारे लोक आर्मेनियात आहेत. मला तेही बरोबर वाटत नाही. चार पिढ्या नव्या पद्धतीने शिकल्या. शंभर वर्षांची पुस्तके तीत छापली गेली. हे सगळे एका हुकुमाने जुने ठरवायचे, म्हणजे १९२२ चीच चूक उलट दिशेने करायची. शिवाय पश्चिमी बोलीची स्थिती नाजूक आहे. युनेस्कोने २०१० साली तिची गणना धोक्यात असलेल्या भाषांत केली. तिच्या शाळांना आज भांडण नको, पुस्तके हवीत. आणि येरेवानला छापलेले पुस्तक तेथल्या मुलाला, व तेथले पुस्तक येरेवानच्या मुलाला अडखळल्याशिवाय वाचता आले पाहिजे.

हे अवघड नाही. लिहावे ज्याने त्याने आपल्या पद्धतीने; पण वाचायला दोन्ही शिकवाव्यात. पहिले आर्मेनियन नियतकालिक 'अझ्दरार' १७९४ साली आपल्या मद्रासमध्ये छापले गेले. मद्रासच्या आर्मेनियन व्यापाऱ्यांसाठी एका धर्मगुरूने ते काढले होते. त्याची पाने आज येरेवानच्या विद्यार्थ्यापुढे ठेवली, तर आधी त्याला जुने लेखनच अडवील. त्या काळची भाषा कठीण आहे, हे खरे. निदान अक्षरांनी तरी तिला आणखी कठीण करू नये.

आर्मेनियाच्या शाळांत पहिलीच्या मुलांची सगळी अक्षरे शिकून झाली, की वर्णमालेचा उत्सव करतात. मुले नटून येतात, एकेक अक्षर हातात धरून उभी राहतात, गाणी म्हणतात. मध्ययुगात आलेली दोन आणि नव्या लेखनाने मोजलेले एक धरून आता अक्षरे एकोणचाळीस आहेत. अरागात्स पर्वताच्या पायथ्याशी २००५ साली या एकोणचाळीस अक्षरांची दगडी शिल्पे उभारली आहेत. तेथेही मुलांना घेऊन जातात. त्या उत्सवाच्या दिवशी शिक्षकांनी फळ्यावर 'हाकोब' दोनदा लिहावे, एकदा ह ने आणि एकदा य ने, आणि वर्गातल्या एखाद्या हाकोबला विचारावे, की यातले तुझे नाव कोणते? पाच मिनिटे पुरतील.